बारवेची शाल

लोकरीचा गुंडा नीलम्मा तांब्यात ठेवायची. विणताना गुंडा आतल्या आत फिरायचा आणि तांब्या तिच्या पायाशी डुलत राहायचा. टाके ती कानडीत मोजायची, भांडण मात्र मराठीत करायची. विणायला बसण्याआधी कपाळाला विभूती लावायची आणि बोटाला उरलेली सुयांवरून फिरवायची. सुया सरसर चालतात म्हणायची. जिना उतरताना कठडा न धरता भिंत धरायची, हाताला दगड लागला पाहिजे. चहा बशीतून, पण फुंकर न घालता. विणताना ती गप्प असायची, उसवताना गुणगुणायची. आणि पाऊस कधी पडणार हे कोणी सांगू लागलं, की उठून आत जायची.

हे सगळं सिंधूच्या लक्षात आलं, कारण सिंधूला दुसरं काम नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नव्या कचेरीत माणसं हवी होती म्हणून सिंधूचे वडील शेषेराव नांदेडहून बदलून आले आणि नीलम्माच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिले. सिंधू नांदेडच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी. ए. झाली होती. नोकरी लागत नव्हती, लग्न ठरत नव्हतं. गावात ओळखीचं कोणी नव्हतं. गोदावरीच्या काठी वाढलेल्या मुलीला इथे आठवड्यातून एकदा येणाऱ्या नळाची वाट बघावी लागायची. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता.

अशा उन्हात एक बाई लोकर विणते, याचंच तिला पहिल्यांदा हसू आलं.

“काकू, एवढ्या उकाड्यात शाल कोण पांघरणार?”

“बारव पांघरणार,” नीलम्मा म्हणाली आणि टाके मोजू लागली.

सिंधूला वाटलं, म्हातारी चेष्टा करते आहे.

शाल दोन रंगांची होती. एक रंग काळ्या पाषाणाचा, दुसरा जोंधळ्याच्या पिठाचा. एका ओळीत एकच रंग विणायचा. दुसऱ्या रंगाचा टाका मधे आला की तो न विणता नुसता या सुईवरून त्या सुईवर सरकवायचा. मग तो टाका वरच्या ओळीत ओढला जायचा आणि काळ्यातून पांढरा, पांढऱ्यातून काळा डोकं काढायचा. मधूनच ती उलट टाक्यांची एक ओळ घालायची. ती ओळ कापडातून उठून यायची, बोटाला धारेसारखी लागायची. शाल वर रुंद होती आणि खाली अरुंद होत चालली होती. सिंधूला त्यात नागमोडी रेघा दिसत होत्या. छान होत्या, पण रेघाच.

ही विद्या नीलम्माला नांदेडात मिळाली होती. माहेर उदगीरचं, सासर पाथरवाडीचं. नवरा बसलिंगप्पा किराणा दुकानदार. त्याने काही वर्षं नांदेडात गुरुद्वाऱ्यामागे दुकान टाकलं होतं. शेजारी पंजाबातून आलेली एक सरदारीण राहायची. तिला मराठी येत नव्हतं, नीलम्माला पंजाबी येत नव्हतं. ती ओसरीवर बसून विणायची आणि ही शेजारी बसून तिच्या बोटांकडे बघायची. एक दिवस सरदारणीने सुया हिच्या हातात दिल्या. पुढे दुकान चाललं नाही, दोघं गावी परतली, पण सुया बरोबर आल्या. पाथरवाडीच्या सगळ्या तान्ह्या बाळांच्या डोक्यांवर मग नीलम्माची टोपडी दिसू लागली.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

पाथरवाडीला जुनी बारव आहे. पायऱ्या-पायऱ्यांची दगडी विहीर. कोणी बांधली, कोणाला ठाऊक नाही. विचारलं तर लोक “देवानं बांधली” म्हणतात आणि विषय संपवतात. एरवी पाण्याबाहेर वरच्या चार-दोन पायऱ्या दिसायच्या. बहात्तरात पाणी उतरत गेलं आणि पायरीखालून पायरी निघत गेली. नीलम्मा आणि तिची थोरली जाऊ बसम्मा पहाटे अंधारात उतरायच्या, आपली पाळी येईपर्यंत तळाशी बसायच्या आणि वाटीवाटीने घागर भरायच्या. त्या बसण्यात एकदा दोघींच्या हाताला शेवटच्या पायरीखालचं नक्षीकाम लागलं. दगडात कोरलेला एक पट्टा होता, तिन्ही बाजूंनी फिरलेला. अंधारात दिसत नव्हता. दोघींनी चाचपला.

“हंस हायेत,” बसम्मा म्हणाली. “रांगेनं चालल्यात.”

“वेल हाय अक्का. ही बघा, पानं.”

“पानाला चोच असते का गं?”

उजेडी बघायचं ठरलं, पण दिवसा तळाशी बायकांची एवढी दाटी असायची की पट्टा पाठींआड जायचा. मग पाऊस आला, बारव भरली, आणि ते भांडण पाण्याखाली गेलं. वर मात्र ते चालूच राहिलं. बसलिंगप्पा गेला. नीलम्मा मुलाच्या दुकानासाठी लातूरला आली. बसम्मा गावीच राहिली. बोळवण करतानासुद्धा थोरली जाऊ म्हणाली होती, “हंसच व्हते.”

आता बसम्माला थंडी सोसत नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. नीलम्माने तिच्यासाठी शाल करायला घेतली, आणि काय विणावं याचा तिला विचार करावा लागला नाही.

“बसम्माक्काला आता दिसत न्हाई,” ती सिंधूला म्हणाली. “हातानंच बघती. म्हणून तिला हातानं दिसंल अशी बारव देणार हाय. वरच्या पायरीपासनं पार खालच्या पट्ट्यापातूर.”

“आणि पट्टा कुठला घालणार? हंसांचा की वेलीचा?”

नीलम्मा थांबली. “तेच तर बघायचंय.”

ते बघायचं तर बारव आटायला हवी होती, आणि या वर्षी ती आटत होती.

ही गोष्ट वाड्यात फुटायला वेळ लागला नाही. शेजारच्या साखराबाईचं तोंड तिखट होतं. नळाच्या रांगेत ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आमची घागर रिकामी व्हऊन राहिली अन् नीलम्माची शाल लांब व्हऊन राहिली. लोक पाण्यासाठी देव पाण्यात ठेवतात, ही बया देवाला म्हणते, पाणी काढ.”

बायका हसल्या. नीलम्माही हसली. “साखराबाई, देव माझं ऐकत असता तर तुमचं तोंड पहिलं बंद केलं असतं.”

पण घरात आल्यावर तिने सुया हातात घेतल्या नाहीत. सिंधूला ते दिसलं.

उन्हाळा लागला तशी नीलम्मा तिला घेऊन पाथरवाडीला निघाली. उदगीरकडे जाणाऱ्या एस. टी.ने फाट्यावर उतरून पुढे पायी जायचं होतं. भर दुपारी दोघी बारवेच्या काठावर पोचल्या. सिंधूने वाकून आत पाहिलं.

आजवर तिने जे काही वाचलं होतं त्यातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. जमीन उघडून कोणीतरी आत डोंगर उलटा ठेवला होता. पायऱ्या तीन बाजूंनी उतरत होत्या, वळत होत्या, एकमेकींना भेटत होत्या, आणि जसजशा खाली जात तसतशा आवळत होत्या. पार तळाशी हिरवट पाण्याचा एक तुकडा होता. वर वारा होता, आत नव्हता. तिला वाटलं, आपण इथे आधी येऊन गेलो आहोत. मग कळलं. शालीतून येऊन गेलो आहोत.

त्या रेघा नव्हत्या. पायऱ्या होत्या. उलट टाक्यांची ओळ म्हणजे पायरीची धार. सरकवलेला टाका म्हणजे सांध्यातला दगड. इतके दिवस बारव तिच्यासमोर मांडीवर पसरली होती आणि तिला दिसली नव्हती.

“काकू,” ती म्हणाली.

नीलम्माचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिने पिशवीतून शाल काढून वरच्या पायरीवर अंथरली होती आणि कपाळाला आठ्या घालून बघत होती.

“चुकलं,” ती म्हणाली.

“काय चुकलं? अगदी तशीच आहे.”

“ही दुपारची हाय.”

सिंधूला कळेना. नीलम्माने तिला हाताने दाखवलं. आत्ता ऊन वरून पडत होतं, म्हणून पाय ठेवायची जागा पांढरी आणि उभा दगड काळा. शालीतही तसंच होतं. लातुरात अंदाजाने विणताना मनात आलं तसं घातलं होतं. “पण आम्ही यायचो भल्या पहाटे. उजाडताना वर निघायचो तवा आमच्या बारवेवर ऊन समोरून पडायचं. उभा दगड उजळायचा अन् पाय ठेवायचा तो अंधारात. अक्काला ती पहाटेची बारव म्हाईत हाय.”

“त्यांना तर रंग दिसणारच नाहीत, काकू.”

“मला दिसतात की.”

त्या रात्री दोघी बसम्माच्या घरी राहिल्या. बसम्मा अंगाने काटकुळी, आवाजाने खणखणीत होती. तिने सिंधूचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. “शिकलेली हाय म्हणं. मग तूच सांग बाई, विहिरीला हंस शोभतात का वेल?” सिंधू गडबडली. “हंस,” ती म्हणाली. “ऐक नीला! बी. ए. झालेली पोर सांगती!” नीलम्मा भाकरी थापत म्हणाली, “तुमच्या घरचं जेवायचंय तिला, दुसरं काय सांगंल?”

दिवस उजाडताना दोघी पुन्हा बारवेवर गेल्या. ऊन वरच्या पायरीच्या कपाळाला लागलं. मग सूर्य जसजसा वर चढला, तसतसा उजेड पायरी पायरीने खाली उतरू लागला. सिंधूने असं कधी पाहिलं नव्हतं. वर चढणारा सूर्य खाली उतरत होता. एकेक उभा दगड पांढरा होत होता, जणू कोणी आत दिवे लावत चाललं आहे. नीलम्मा तिथेच बसली, गुणगुणत. तिच्या मांडीवर अर्ध्याहून जास्त झालेली शाल सरसर उसवत होती, आणि बारवेच्या वरच्या पायऱ्या पुन्हा लोकर होऊन तांब्यात जात होत्या.

सिंधू तिला थांबवू शकली नाही. तिने हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

त्यानंतर नीलम्मा आठवड्याच्या आठवड्याला गावी जाऊ लागली. जेवढी पायरी उघडी पडायची तेवढीच विणायची. शाल आणि बारव बरोबरीने उतरू लागल्या. गावच्या बायकांना आता ठाऊक झालं होतं. पाणी भरून वर आल्या की त्या शालीवरून हात फिरवायच्या. “कालची पायरी आली का, वैनी?” “आली.” एक म्हातारी म्हणायची, “आमचं पाणी कुठं गेलं ते हितं दिसतंय.” ती हसत म्हणायची, पण ते ऐकल्यावर नीलम्माची सुई थोडी अडायची.

वैशाखात तळाशी डबकं उरलं. शेषेराव कचेरीतून आले तेव्हा त्यांनी जेवताना सहज सांगितलं, “पाथरवाडीचा टँकर मंजूर झाला.”

“टँकर ओतणार कुठे?” सिंधूने विचारलं.

“बारवेतच की. त्या गावाला दुसरी टाकी कुठं हाय?”

सगळीकडे तसंच करायचे. टँकर विहिरीत रिकामा करायचा आणि मग गावाने शेंदून घ्यायचं. सिंधूने घास खाली ठेवला. ती नीलम्माला सांगायला धावली तेव्हा नीलम्मा दारात उभी होती, पिशवी भरून तयार. गावाकडच्या कोणाकडून तरी तिला आधीच कळलं होतं.

“उद्याच्या पहिल्या गाडीनं जाऊ,” ती म्हणाली. “एकदा टँकर लागला की रोज पाणी पडंल. मग ह्या जन्मात तो पट्टा दिसत न्हाई.”

दोघी पोचल्या तेव्हा बायका तळाशी रांग लावून उभ्या होत्या. बसम्मालाही कोणीतरी हात धरून काठापर्यंत आणलं होतं. ती वर लिंबाखाली बसून होती. नीलम्माने पदर खोचला, खाली उतरली आणि एका पोरीच्या हातातली वाटी घेतली. “भरून देते, बायांनो.” ती डबक्यातलं पाणी वाटीवाटीने घागरींत भरू लागली. बायका आशीर्वाद देऊन जात होत्या. घागरी भरत होत्या आणि तळ उघडा पडत होता. ही दोन्ही कामं एकच होती, आणि यातलं कुठलं काम ती करते आहे हे सिंधूने तिला विचारलं नाही.

पाणी सरलं. खाली गाळ होता. नीलम्माने तो हातांनी ओढायला घेतला. कोपऱ्यात दगडाची एक कड उघडी पडली, तिच्यावर कोरलेला एक बाक होता. वळून वर आलेला, टोकाशी निमुळता. बाकी सगळं गाळात आणि सावलीत. इतक्या खाली ऊन डोक्यावर आल्याशिवाय पोचत नाही, आणि ऊन अजून चार-पाच पायऱ्या वर होतं.

तेव्हाच वर टँकरचा आवाज आला.

ड्रायव्हर साहेबराव काठावर येऊन ओरडला, “बाजूला व्हा बायांनो! सोडतो पाणी!”

“थांब बाबा!” नीलम्मा खालून ओरडली. “ऊन येऊ दे.”

“ऊन? अहो आजी, ऊन कमी हाय का?”

“खाली येऊ दे. थोडं थांब.”

साहेबरावने टोपी मागे सारली. “अजून दोन गावं हायेत मला. थांबतो बिडीपुरता. म्हातारं माणूस सांगतंय म्हणून.”

रांग वर सरकली. रिकाम्या घागरी घेऊन बायका काठावर उन्हात उभ्या राहिल्या. कोणाच्या कडेवर पोर होतं, ते रडत होतं. नीलम्मा गुडघ्यांवर बसून गाळ ओढत होती. तिची नखं काळी झाली होती. ऊन एक पायरी उतरलं. सिंधू तिच्या मागे उभी होती आणि तिला कळत नव्हतं की सूर्याला ढकलावं की या बाईला उचलून वर न्यावं.

बिडी संपली. साहेबरावने थोटूक पायाखाली चिरडलं. मग काठावरून केवळाबाई नावाची एक बाई, जिच्या घरी पहाटेपासून पाण्याचा थेंब नव्हता, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “वैनी, तुमचं बघून झालं की सांगा. आम्ही थांबतो.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर नीलम्माने उत्तर दिलं असतं.

तिचे हात थांबले. तिने वर पाहिलं. आभाळाचा तुकडा, काठावर बायकांची डोकी, आणि त्यांच्या डोक्यांवर रिकाम्या घागरी. मग तिने खाली त्या बाकाकडे पाहिलं. त्याच्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“होगली बिडु,” ती कानडीत पुटपुटली. जाऊ दे.

ती उठली आणि मोठ्याने ओरडली, “ओत रे बाबा!”

दोघी कशाबशा कडेच्या पायऱ्यांवर चढल्या. साहेबरावचा पाइप तोकडा होता, तळापर्यंत पोचत नव्हता. पाणी वरच्या पायरीवरच सुटलं. ते एका पायरीवर पसरलं, काठ ओलांडून दुसरीवर पडलं, दुसरीवरून तिसरीवर. फेसाळ पांढरं पाणी काळ्या दगडावरून उतरत होतं. प्रत्येक धारेवर ते क्षणभर थांबायचं, भरायचं आणि मग वळायचं. बघता बघता सगळी बारव दोन रंगांची झाली आणि हलू लागली.

सिंधूने नीलम्माचा हात घट्ट धरला. नीलम्माचं तोंड उघडं राहिलं होतं. इतकी वर्षं तिने ही बारव डोक्यात वागवली होती, आणि असं तिनेही कधी पाहिलं नव्हतं.

“अय्यो,” ती एवढंच म्हणाली.

तळाशी गढूळ पाणी चढलं. तो बाक गेला. घागरी खाली येऊ लागल्या.

लिंबाखाली बसम्माने पाण्याचा आवाज ऐकला होता. “काय निघालं गं?” तिने विचारलं.

सिंधूला वाटलं, आता काकू हंस म्हणेल. म्हातारीला बरं वाटेल. काय जातं?

“अर्धंच दिसलं,” नीलम्मा म्हणाली. “एक बाक व्हता.”

“मान असंल हंसाची.”

“टोक असंल वेलीचं.”

“शेवटच्या दिवसापातूर हेका सोडू नकोस.”

“तुम्ही सोडल्यावर मी कशाला धरू?”

बसम्मा हसली, खोकली, पुन्हा हसली. नीलम्माने तिच्या खांद्यांवर शाल घातली. थोरल्या जावेची बोटं वरच्या काठावरून निघाली आणि धारेधारेने उतरू लागली. ती घाई करत नव्हती. मधे एका वळणावर थांबली. “हितं तुझा पाय घसरला व्हता,” ती म्हणाली. नीलम्माने मान हलवली, मग बसम्माला दिसत नाही हे आठवून “हाव” म्हणाली. बोटं आणखी खाली गेली, पाठीमागच्या टोकाकडे, आणि सुईला लागली. टाके अजून सुईवरच होते.

“काकू, एक साधी ओळ घाला आणि मिटवा,” सिंधू हळूच म्हणाली. “कोणाला कळणार आहे?”

नीलम्माने तिच्याकडे असं पाहिलं की सिंधूने पुन्हा ते वाक्य कधी उच्चारलं नाही.

“बघितलं न्हाई ते कसं घालू?”

तिने पिशवीतून दाभण आणि जाड दोरा काढला. उरलेले टाके एकेक करून दोऱ्यावर ओवून घेतले, सुई ओढून काढली आणि दोऱ्याच्या दोन्ही टोकांना गाठ मारली. टाके उघडेच राहिले, सुटणार नाहीत एवढेच धरलेले. दोन्ही रंगांची लोकर तिने तोडली नाही. छोटे गुंडे करून शालीच्याच कोपऱ्याला बांधून टाकले.

पुढे पाऊस झाला. बारव काठोकाठ भरली. नीलम्मा पुन्हा बाळांची टोपडी विणू लागली. सिंधूला नांदेडला शाळेत नोकरी लागली, ती गेली. बसम्मा दोन हिवाळे ती शाल पांघरून ओसरीवर बसली, पाठीवर ते दोन गुंडे लोंबकळत. घरातली पोरं गुंड्यांशी खेळायला गेली की ती ओरडायची, “हात लावू नका रे. काम चालू हाय.”